१८२०ची चौकट : चीनच्या ऐतिहासिक नकाशासंग्रहाचे प्रकरण

साम्यवादी राजवटींनी इतिहासाचे नकाशे प्रचारासाठी वापरले, असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात खोट्या नकाशाचे चित्र उभे राहते. जिथे सीमा नव्हती तिथे सीमा काढली असेल, जे राज्य गैरसोयीचे होते ते गाळले असेल, अशी आपली कल्पना असते. असे नकाशे झालेही. परंतु प्रचाराचे सर्वांत टिकाऊ काम ज्या नकाशासंग्रहाने केले, तो या वर्णनात बसत नाही. शांघायच्या फुदान विद्यापीठातील ऐतिहासिक भूगोलाचे अभ्यासक थान छीश्यांग (१९११–१९९२) यांच्या संपादनाखाली तयार झालेला चीनचा ऐतिहासिक नकाशासंग्रह १९८२ ते १९८८ या काळात आठ खंडांत सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. आदिम काळापासून छिंग या शेवटच्या राजवटीपर्यंतचा (१६४४–१९११) चीन त्यात वीस गटांतील तीनशेहून अधिक नकाशांत मांडला असून स्थलनामांची संख्या सुमारे ७० हजार आहे. या विषयात त्याच्या तोडीचे काम त्यापूर्वी झाले नव्हते, आणि चीनबाहेरचे अभ्यासकही आज तोच समोर ठेवून काम करतात.

या प्रकरणाचा अभ्यास करताना माझे मत असे झाले की, या संग्रहाची प्रचारशक्ती त्यातील चुकांमधून आलेली नसून त्याच्या अचूकतेतून आली आहे. हजारो ठिकाणे काटेकोरपणे निश्चित करणाऱ्या ग्रंथावर वाचक विश्वास ठेवतो, आणि त्याच विश्वासाने तो त्या ठिकाणांभोवतीची बाहेरची रेषाही स्वीकारतो. ती रेषा मात्र पुराव्यातून निघालेली नाही. ती निर्णयातून आलेली आहे. हा निर्णय कसा झाला, कोणत्या परिस्थितीत टिकला आणि तो घेणाऱ्या विद्वानाने त्याच्या मर्यादेत सत्याला किती जागा राखली, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

जुन्या नकाशाची दुरुस्ती

कामाची सुरुवात अगदी मर्यादित हेतूने झाली. १९५४ मध्ये माओ त्से-तुंग आणि वू हान यांच्यात इतिहासवाचनाविषयी बोलणे झाले. वू हान हे मिंग काळाचे (१३६८–१६४४) इतिहासकार आणि त्या वेळी पेकिंगचे (आजचे बीजिंग) उपमहापौर होते. अकराव्या शतकातील मोठा बखरग्रंथ ‘त्झुचिर थुंगच्येन’ वाचताना सोबत नकाशे हवेत, असा मुद्दा निघाला. यांग शौचिंग (१८३९–१९१५) यांनी छिंग काळाच्या अखेरीस केलेला नकाशासंग्रह उपलब्ध होता. त्यात प्राचीन नावे काळ्या शाईत आणि समकालीन भूगोल लाल शाईत छापलेला होता, त्यामुळे जुने गाव आजच्या कोणत्या जागी येते हे वाचकाला कळे. पण त्याचा पायाभूत नकाशा १८६३च्या सुमाराचा, आधुनिक सर्वेक्षणापूर्वीचा होता. तेव्हा यांग यांचे नकाशे नव्या मोजणीवर उतरवून घ्यावेत, असे ठरले. वू हान आणि इतिहासकार फान वनलान यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली आणि १९५५च्या आरंभी थान छीश्यांग यांना शांघायहून पेकिंगला बोलावून घेण्यात आले.

थान यांची निवड योगायोगाने झालेली नव्हती. १९३१ मध्ये येनचिंग विद्यापीठात विद्यार्थी असताना हान काळातील (इ.स.पू. २०२ ते इ.स. २२०) प्रांतांच्या संख्येवरून त्यांनी आपले गुरू कू च्येकांग यांच्याशी पत्रांतून वाद घातला होता, आणि गुरूंनी शिष्याचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करून तो पत्रव्यवहार विद्यार्थ्यांसाठी छापून घेतला होता. १९३४ मध्ये या दोघांनी मिळून ऐतिहासिक भूगोलाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. जपानने मांचुरिया घेतल्यानंतरची ती वर्षे होती, आणि त्या पिढीच्या चिनी अभ्यासकांसाठी सीमेचा इतिहास हा जिव्हाळ्याचा विषय होता. हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढे थान यांनी जे केले ते केवळ पक्षाच्या आज्ञेने केले असे मानणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्राच्या अखंडतेविषयीची त्यांची तळमळ साम्यवादी राजवटीच्या आधीची होती. राजवटीने त्या तळमळीला साधने दिली आणि मर्यादाही घातल्या.

दुरुस्तीचे काम लवकरच दुरुस्तीपुरते उरले नाही. यांग यांच्या नकाशातल्या चुका इतक्या होत्या, आणि नवा पायाभूत नकाशा इतका वेगळा होता, की प्रत्येक ठिकाण मुळातून तपासावे लागले. उदाहरणार्थ, हान राजवंशाच्या अधिकृत इतिहासातील भूगोलाच्या प्रकरणात इसवी सन २च्या सुमाराची १०३ मोठ्या प्रशासकीय विभागांची आणि त्यांखालील दीड हजारांहून अधिक तालुक्यांची यादी आहे. ही यादी नावे देते, जागा देत नाही. जागा ठरवण्यासाठी नंतरच्या शतकांतील स्थानिक वृत्तांत, नद्यांवरील टीकाग्रंथ, शिलालेख आणि उत्खननाचे अहवाल जुळवून पाहावे लागतात. त्यात नद्या आपला मार्ग बदलतात. पीत नदीने तर इतके प्रवाह बदलले की आजच्या पात्रावर हान काळातील गावे मांडणे निरर्थक ठरते. थान यांनी १९६२ मध्ये मांडले की, पूर्व हान काळानंतर (इ.स. २५–२२०) सुमारे आठशे वर्षे पीत नदी तुलनेने शांत राहिली, याचे कारण तिच्या मध्य खोऱ्यातील शेती मागे हटून पशुपालन वाढले आणि मातीची धूप कमी झाली. असे संशोधन नकाशाच्या एका निळ्या रेषेमागे उभे होते. संग्रहात किनारपट्टी, सरोवरे आणि नद्या त्या त्या काळानुसार नव्याने काढल्या गेल्या.

१९५७ मध्ये थान फुदानला परतले आणि काम तेथे सुरू राहिले. मध्य प्रांतांखेरीज इतर प्रदेशांसाठी वेगवेगळ्या संस्थांचे तज्ज्ञ जोडले गेले. मंगोलियाच्या भागासाठी नानचिंग विद्यापीठाचे हान रूलिन होते, नैऋत्येसाठी युन्नान विद्यापीठाचे फांग क्वोयू, आणि ईशान्येसाठी पेकिंगच्या मध्यवर्ती राष्ट्रजाती संस्थेतील फू लहुआन. यांगच्या नकाशात जे नव्हते, ते इथून आत आले.

चीन कोठे होता?

यांग शौचिंग यांच्या नकाशाला हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्यांनी मुख्यतः मध्य प्रांतांतील राजवंश दाखवले होते. नव्या संग्रहाला मात्र तिबेट, मंगोलिया, आजचे शिनच्यांग आणि मांचुरिया यांचाही इतिहास दाखवायचा होता, कारण १९४९ नंतरचे राज्य स्वतःला अनेक राष्ट्रजातींचे एकसंध राज्य म्हणवत होते. मग तांग काळातील (सातवे ते दहावे शतक) ल्हासा ‘चीन’मध्ये मोडते की नाही? लिआओ आणि पश्चिम शिया ही सुंग राजवंशाशी (दहावे ते तेरावे शतक) लढणारी उत्तरेकडील राज्ये चिनी की परकी?

एक उत्तर १९५१ मध्ये इतिहासकार बाय शौयी यांनी सुचवले होते : आजच्या प्रजासत्ताकाची भूमी हीच इतिहासाची भूमी धरावी. थान यांना ते पटले नाही. त्यांचा युक्तिवाद असा होता की, आजची सीमा साम्राज्यवादी शक्तींनी चीनचे लचके तोडल्यानंतर उरलेली सीमा आहे, म्हणून ती इतिहासाचे माप होऊ शकत नाही. दुसरे टोक म्हणजे त्या त्या काळच्या लोकांनी ज्याला चीन म्हटले तेवढाच चीन धरणे. थान यांच्या मते प्राचीनांच्या कल्पनेने आधुनिक अभ्यासकाला बांधून घेण्याचे कारण नव्हते. त्यांनी, आणि अखेर संपूर्ण प्रकल्पाने, तिसरा मार्ग घेतला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८४०च्या दशकापर्यंतची, म्हणजे छिंग राजवटीने एकीकरण पूर्ण केल्यानंतरची आणि अफूच्या युद्धापूर्वीची हद्द हीच ‘ऐतिहासिक चीन’ मानायची. त्या हद्दीत कोणत्याही शतकात जी राज्ये झाली ती सर्व चीनच्या इतिहासातील राज्ये, आणि जे लोक तेथे राहिले ते चीनच्या इतिहासातील लोक. छिंग साम्राज्याचा मुख्य नकाशा १८२०चा आहे. या वर्षाला अभ्यासाचेही कारण आहे, कारण साम्राज्याच्या अधिकृत भूवर्णनग्रंथातील माहिती त्याच वर्षापर्यंतची आहे.

या चौकटीत काय येते ते नीट पाहिले पाहिजे. तिबेट आणि तैवान येतात, शिनच्यांग आणि त्यापलीकडे बाल्खाश सरोवरापर्यंतचा भाग येतो. १९२१ पासून वेगळा झालेला आणि पुढे चीननेही मान्यता दिलेला संपूर्ण मंगोलिया येतो. आमूर नदीच्या उत्तरेचा प्रदेश, साखालिन बेट आणि आज ज्यावर व्लादिव्होस्तोक उभे आहे तो किनाराही येतो. यापैकी आमूरपलीकडचा आणि किनाऱ्याचा मिळून सुमारे १० लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश रशियाने १८५८चा आयगुन तह आणि १८६०चा पेकिंग तह यांनी मिळवला होता. शिवाय एखाद्या मध्यवर्ती राजवंशाने चौकटीबाहेरची भूमी प्रत्यक्ष ताब्यात ठेवली असेल, उदाहरणार्थ हान काळात उत्तर कोरिया आणि उत्तर व्हिएतनाम, तर तीही त्या काळच्या नकाशात त्या राजवंशाची म्हणून दाखवली जाते. म्हणजे बाहेर जाणारी राज्यसत्ता तिच्या खऱ्या आकाराने दिसते, आणि आतली स्वतंत्र सत्ता १८२०च्या आकारात सामावून घेतली जाते. नियम दोन आहेत आणि दोन्ही एकाच दिशेने झुकलेले आहेत.

थान यांनी छिंगची ही हद्द हजारो वर्षांच्या आर्थिक-सांस्कृतिक देवघेवीतून नैसर्गिकरीत्या परिपक्व झालेली मानली. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. १७५५ ते १७५९ या काळात चिएनलुंग सम्राटाच्या सैन्याने झुंगार मंगोलांचे राज्य नष्ट केले, आणि युद्ध, कत्तल व देवीची साथ यांत ते लोक जवळजवळ नामशेष झाले. चौकटीची पश्चिम बाजू या मोहिमेने तयार झाली. जी रेषा एका विशिष्ट विजयाने, एका विशिष्ट दशकात पडली, ती दीड हजार वर्षे आधीच्या नकाशावरही इतिहासाची परिणती म्हणून काढली की विजय हा शब्दच पुसला जातो, कारण जे मुळात ‘आतच’ होते ते जिंकावे लागत नाही.

वर्षाचा प्रश्न

चौकट ठरल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि तो कोणत्याही ऐतिहासिक नकाशासमोर विचारावा असा आहे : हा नकाशा कोणत्या वर्षाचा आहे? तांग राजवंश ६१८ ते ९०७ असा जवळजवळ तीनशे वर्षे चालला. त्याची सत्ता सातव्या शतकाच्या मध्यात मंगोलियाच्या गवताळ प्रदेशावर होती, पण पूर्व तुर्कांनी ६८०च्या दशकात ती झुगारली. ६६८ मध्ये कोरिया व मांचुरियात पसरलेले गोगुर्यो राज्य पडल्यावर प्योंगयांगला तांगचे ठाणे बसले, ते ६७६ मध्ये लिआओतुंगला (आजच्या ईशान्य चीनमध्ये) हलवावे लागले. आजच्या शिनच्यांगमधील तारिम खोऱ्यातील ठाणी ६७० मध्ये तिबेटी सैन्याने घेतली आणि ६९२ मध्ये ती तांगकडे परत आली. म्हणजे सर्व दिशांची कमाल सीमा कोणत्याही एका वर्षी नव्हतीच. तरीही प्रत्येक दिशेची कमाल सीमा एकत्र करून ‘तांग साम्राज्य’ म्हणून एकच भव्य आकृती काढता येते, आणि शालेय नकाशांत अशी आकृती पुष्कळदा दिसते. तिच्यातली एकही बाजू खोटी नसते. पण ती आकृती पृथ्वीवर कधीच नव्हती.

थान यांच्या सार्वजनिक आवृत्तीत तांग काळाचे तीन एकूण नकाशे, म्हणजे संपूर्ण हद्द एका पानावर दाखवणारे नकाशे, आहेत, ६६९, ७४१ आणि ८२० या वर्षांचे. ते शेजारी ठेवून पाहिले की साम्राज्य कसे पसरले आणि कसे आकसले हे वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पहिले वर्ष कोरियातील विजयाला लागूनच निवडलेले आहे, हे खरे. पण ८२०चा नकाशाही सोबत छापलेला आहे, आणि त्यात पश्चिमेकडील विस्तीर्ण भूमी तिबेटी साम्राज्याची म्हणून दाखवली आहे. प्रचारासाठी काढलेल्या नकाशात असा कबुलीजबाब क्वचितच आढळतो.

नंतरच्या काळात मात्र ही शिस्त सैल होते. मिंग राजवंशाचा पहिला एकूण नकाशा १४३३चा आहे. त्यात आमूरच्या मुखापर्यंतचा नुरगानचा प्रदेश आणि तिबेट हे दोन्ही मिंगच्या हद्दीत येतात. नुरगानमध्ये मिंगचे एक लष्करी ठाणे आणि मोहिमा होत्या, आणि आमूरच्या काठी १४१३चा शिलालेखही उभारलेला होता. परंतु ते नाते काही दशकांपुरते आणि मुख्यतः स्थानिक सरदारांना पदव्या देण्याचे होते. तिबेटात मिंग दरबाराने लामांना व सरदारांना मानाच्या पदव्या दिल्या. तेथे सैन्य ठेवले नाही, कर गोळा केला नाही. अनेक अभ्यासक या नात्याला राज्यसत्ता मानायला तयार नाहीत. नकाशावर मात्र पदवी देणे आणि राज्य करणे यांत फरक उरत नाही, कारण सीमेच्या आत असणे आणि बाहेर असणे या दोनच गोष्टी सीमारेषेला सांगता येतात. प्रचाराला याच मर्यादेचा सर्वाधिक उपयोग होतो, असे मला वाटते.

संरक्षक गेला, प्रकल्प उरला

१० नोव्हेंबर १९६५ रोजी शांघायच्या ‘वनहुई पाओ’ या दैनिकात याओ वनयुआन यांचा लेख आला. मिंग काळातील एका स्पष्टवक्त्या अधिकाऱ्यावर वू हान यांनी लिहिलेल्या नाटकावर तो हल्ला होता, आणि सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तोच मानला जातो. ज्या माणसाने माओंशी झालेल्या संभाषणातून नकाशासंग्रह उभा केला होता, तो आता जनतेचा शत्रू ठरला. वू हान ऑक्टोबर १९६९ मध्ये तुरुंगात मरण पावले. ईशान्येचे नकाशे करणारे फू लहुआन यांनी १९६६ मध्येच आत्महत्या केली होती. थान यांना ‘प्रतिगामी विद्वत्तेचा अधिकारी’ म्हणून जाहीर टीकेला तोंड द्यावे लागले आणि काम थांबले.

१९६९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, आणि ते का सुरू झाले याचे उत्तर त्या वर्षाच्या घटनांत आहे. चीन आणि सोव्हिएत संघ यांच्यातील वाद आता सीमेवर आला होता. ८ मार्च १९६३ रोजी चिनी पक्षाचे मुखपत्र ‘पीपल्स डेली’ने आयगुन आणि पेकिंग यांसारख्या तहांचा ‘असमान तह’ म्हणून उल्लेख केला होता. जुलै १९६४ मध्ये जपानी समाजवाद्यांशी बोलताना माओ यांनी रशियाने घेतलेल्या प्रदेशाचा हिशेब अजून मांडलेला नाही, अशा आशयाचे विधान केले होते. मार्च १९६९ मध्ये सीमेवरील उसुरी नदीतील चेनपाओ (रशियन नाव दामान्स्की) बेटावर दोन्ही सैन्यांत चकमकी झाल्या आणि माणसे मेली. या परिस्थितीत आमूरपलीकडची प्रत्येक जुनी छावणी नावानिशी दाखवणाऱ्या नकाशाचे मोल काय असेल, हे सांगायला नको. विद्वानांना छळणाऱ्या राजवटीने त्याच विद्वानांना देखरेखीखाली पुन्हा टेबलाशी बसवले.

१९७४ पासून खंड छापले जाऊ लागले, पण त्यांवर ‘अंतर्गत’ आणि ‘प्रायोगिक’ असा शिक्का होता. म्हणजे ते निवडक संस्था व अधिकाऱ्यांपुरते होते. संपादक म्हणून सामूहिक मंडळाचे नाव होते, व्यक्तीचे नव्हते. साम्यवादी राजवटीतील इतिहासनकाशाचे वेगळेपण माझ्या मते इथे दिसते. आपल्या राष्ट्राचा भूतकाळ ऐसपैस दाखवण्याचा मोह लोकशाही देशांनाही सुटलेला नाही. भारतातही नकाशातील सीमा हा कायद्याचा विषय आहे. फरक असा की चीनमध्ये संशोधन, छपाई, प्रकाशनाची परवानगी आणि टीका या चारही गोष्टी एकाच हातात होत्या. दुसरा नकाशा काढून पहिल्याला उत्तर देणारा कोणी नव्हता, आणि अंतर्गत आवृत्तीवर जाहीर आक्षेप घेणारा वाचकही नव्हता.

सोव्हिएत बाजूनेही हीच भाषा वापरली. १९७२ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेतील चिनी उगमाची अनेक स्थलनामे सरकारी आदेशाने बदलली गेली. सुचान या खाणीच्या गावाचे पार्तिझान्स्क झाले आणि इमानचे दालनेरेचेन्स्क. एका साम्यवादी राज्यात जुनी नावे शोधून नकाशावर चढवली जात होती, त्याच वेळी दुसऱ्यात ती नकाशावरून उतरवली जात होती.

१९८१चे व्याख्यान

माओंच्या मृत्यूनंतर, चिनी समाजविज्ञान अकादमीच्या पुढाकाराने संग्रह दुरुस्त करून सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याचे ठरले. १९७८ मध्ये थान यांना पक्षाघाताचा झटका आला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. मे १९८१ मध्ये पेकिंगला राष्ट्रजातींच्या संबंधांच्या इतिहासावर परिषद झाली, तीत त्यांनी ‘इतिहासातील चीन’ या विषयावर व्याख्यान दिले. ते दहा वर्षांनी, १९९१ मध्ये छापले गेले. या प्रकरणातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा दस्तऐवज तो आहे, कारण त्यात चौकट बनवणारा माणूस चौकटीच्या कडा उघड करून दाखवतो.

त्यांनी चौकटीचे समर्थन पूर्ण निष्ठेने केले, पण तिच्या आत तथ्ये वाकवू नयेत असेही तितक्याच ठामपणे सांगितले. तिबेटी साम्राज्य तांगच्या अधीन होते हे म्हणणे त्यांनी नाकारले. ६४१ मध्ये तांगच्या वनछंग राजकन्येचा तिबेटी राजाशी विवाह झाला म्हणून तिबेट तांगचा भाग ठरत नाही. दोन्ही सत्ता बरोबरीच्या होत्या. इतिहासही याला दुजोरा देतो. ७६३ मध्ये तिबेटी सैन्याने तांगची राजधानी छांग-आन काही दिवस ताब्यात घेतली होती, आणि ८२१–८२३च्या तहाचा स्तंभ आजही ल्हासाच्या जोखांग मंदिरासमोर उभा आहे. त्यावर दोन राज्यांनी एकमेकांची सीमा मान्य केल्याचे दोन्ही भाषांत कोरलेले आहे. थान यांचे उत्तर असे होते की तिबेट तांगचा भाग नव्हता, पण चीनचा होता, कारण तो १८२०च्या चौकटीत आहे. मध्यवर्ती राजवटीखाली तो युआन, म्हणजे मंगोल राजवंशाच्या, काळापासून (तेरावे शतक) आला, असे ते मानत.

तैवानच्या बाबतीत ते आणखी स्पष्ट बोलले. तिसऱ्या शतकात दक्षिण चीनमधील वू राज्याचा राजा सुन छुआन याने पाठवलेल्या एका मोहिमेवरून तैवान तेव्हापासून चीनचे, असे सांगितले जाई. थान यांनी दाखवून दिले की मिंगपूर्व काळात तेथे मुख्य भूमीच्या राजवंशाने कसलेही प्रशासन बसवले नव्हते, तेथील टोळीप्रमुखांनी खंडणी वा मांडलिकत्व दिले नव्हते, आणि बेट राजवंशाच्या राज्यात आले ते १६८३ मध्ये. त्यांच्या मते तैवान पूर्वापार चीनचे आहे ते तेथील आदिवासी चिनी राष्ट्राचे घटक आहेत म्हणून, कोणा सम्राटाच्या मोहिमेमुळे नव्हे. गोगुर्योबद्दलही त्यांची भूमिका अशीच सूक्ष्म होती : राजधानी आजच्या चीनमधील चिआन येथे होती तोवर ते चीनच्या इतिहासातील राज्य, आणि ४२७ मध्ये ती प्योंगयांगला गेल्यावर शेजारी राष्ट्र, त्यानंतर यालू नदीच्या (आजची चीन–कोरिया सीमा) उत्तरेची त्याची भूमीदेखील शेजारी राष्ट्राचीच. पुढे चीनमधील सरकारी प्रकल्पांनी गोगुर्योला सरसकट चिनी ठरवायला घेतले आणि दक्षिण कोरियात संताप उसळला, तेव्हा थान यांची ही रेषा अधिक संयमी ठरली.

या तिन्ही उदाहरणांत एकच गोष्ट घडते. तथ्याच्या पातळीवर थान पुराव्याशी प्रामाणिक राहतात आणि सोयीची दंतकथा मोडतात. परंतु दंतकथा मोडल्याने राजकीय निष्कर्षाला काहीच धक्का लागत नाही, कारण तो आता पुराव्यावर अवलंबूनच नाही. सुन छुआनची मोहीम असो वा नसो, तैवान चौकटीत आहे. तिबेटने छांग-आन जिंकले असो वा नसो, तिबेट चौकटीत आहे. पुराव्याने खोडता येईल असा दावा बाजूला पडला आणि पुराव्याने खोडताच येणार नाही असा दावा त्याच्या जागी आला. एका प्रामाणिक विद्वानाने राजवटीला दिलेली ही सर्वांत मोठी भेट होती, आणि ती त्याने फसवणूक म्हणून दिलेली नव्हती.

भारताच्या बाजूने

भारतीय वाचकाला चिनी इतिहासनकाशांची ओळख थान यांच्या आधीपासून आहे. १९५४ मध्ये पेकिंगमध्ये प्रसिद्ध झालेल्या आधुनिक चीनच्या इतिहासाच्या एका पुस्तकात साम्राज्यवाद्यांनी हिरावलेले प्रदेश दाखवणारा नकाशा होता, आणि त्यात नेपाळ, सिक्कीम, भूतान, आसाम व ब्रह्मदेश हेही समाविष्ट होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेहरूंनी चिनी नकाशांतील सीमेचा विषय चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याजवळ काढला, तेव्हा हे जुन्या नकाशांचे पुनर्मुद्रण असून अजून तपासलेले नाहीत, असे उत्तर मिळाले. २३ जानेवारी १९५९च्या पत्रात मात्र चौ यांनी ही सीमा कधीच औपचारिकपणे आखली गेली नव्हती, असे कळवले.

त्या १९५४च्या नकाशाशी तुलना केली तर थान यांची चौकट संयमी आहे. छिंग दरबाराला नजराणे पाठवणारे नेपाळ, ब्रह्मदेश, व्हिएतनाम आणि कोरिया तीत धरलेले नाहीत. परंतु संग्रहातील प्रत्येक ऐतिहासिक नकाशाखाली आजचा पायाभूत नकाशा फिकट रंगात छापलेला आहे, आणि तो प्रजासत्ताकाचा अधिकृत नकाशा आहे. त्यात १९१४ची मॅकमहोन रेषा नाही. अरुणाचलचा बहुतांश भाग आणि अक्साई चिन चीनच्या बाजूला आहेत. त्यामुळे हान किंवा तांग काळाचे पान उघडणाऱ्या वाचकासमोर विसाव्या शतकातील एक वादग्रस्त दावा पार्श्वभूमी म्हणून येतो, ज्यावर त्या पानात एका शब्दाचेही विवेचन नसते. जुनी आणि नवी सीमा एकाच कागदावर दाखवण्याची यांग शौचिंग यांची पद्धत वाचकाच्या सोयीची होती. तिचा हा दुसरा परिणाम आहे.

संग्रहाचा पुढचा प्रवास

या संग्रहाने एक गोष्ट निःसंशय चांगली केली, आणि ती नमूद करणे न्यायाचे आहे. जुन्या राजवंशकेंद्री दृष्टीत लिआओ, पश्चिम शिया, आजच्या युन्नानमधील नानचाओ किंवा तिबेटी साम्राज्य ही कडेची, रानटी राज्ये होती. थान यांच्या सहाव्या खंडात लिआओ आणि जिन ही राज्ये सुंगच्या बरोबरीने येतात. त्यांचे विभाग, शहरे आणि रस्ते तितक्याच कष्टाने शोधलेले आहेत. ज्या निर्णयाने त्यांचे वेगळेपण चीनमध्ये विरघळवले, त्याच निर्णयाने त्यांच्या भूगोलावर इतके संशोधन झाले. दोन्ही परिणाम एकाच मुळातून आले असल्यामुळे एक घेऊन दुसरा टाकता येत नाही.

२००१ मध्ये फुदान आणि हार्वर्ड विद्यापीठांनी चीनच्या ऐतिहासिक भूगोलाची संगणकीय माहितीप्रणाली संयुक्तपणे सुरू केली, आणि तैवानच्या अकॅडेमिया सिनिका या संशोधनसंस्थेनेही आपल्या अशाच प्रणालीसाठी थान यांच्या संग्रहाचा आधार घेतला. फुदान-हार्वर्डच्या माहितीसंचात प्रत्येक विभागाला आणि तालुक्याला आरंभाचे व अंताचे स्वतःचे वर्ष जोडलेले आहे. इसवी सनापूर्वी २२१ ते इसवी सन १९११ पर्यंतच्या कोणत्याही वर्षी प्रशासन प्रत्यक्षात कोठवर पोचले होते, हे अभ्यासक त्यावरून स्वतः काढू शकतो, आणि त्यासाठी १८२०च्या बाह्यरेषेची गरज पडत नाही. ७० हजार नावांमागील कष्ट या रूपात रेषेपासून सुटे करता येतात. सर्वसामान्य वाचकापर्यंत पाठ्यपुस्तके आणि संग्रहालयांच्या भिंतींवरून जे पोचते ते मात्र अजूनही एकूण नकाशेच असतात, आणि त्यांवरील बाहेरची रेषा कोणी, कधी आणि कशासाठी निवडली याची टीप त्यांच्याखाली छापलेली नसते.